अध्यक्षीणबाईंच्या परसातलं मडकं

सिद्धोधनने कुवेतात फिलिपिन्सची मुलगी केली आणि राणीसावरगावात आधी पेढे वाटावेत की आधी फिलिपिन्स कुठं आहे ते सांगत फिरावं, यावर दत्तरावांच्या घरात चार दिवस काही ठरेना, ते साल दोन हजार बावीस. ही गोष्ट त्याच्या पुढच्या सालची, सून पहिल्यांदा घरी आली तेव्हाची.

सिद्धोधन तिकडे एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला होता आणि रोवेना तिथंच नर्स. नाताळची पंधरा दिवस सुटी काढून दोघं येणार, असं त्याने नोव्हेंबरातच फोनवर कळवलं. कुसुमबाईंचा आनंद घरात मावेना. पण बोलता बोलता पोराने हळूच एक गोष्ट पुढे सरकवली. दोन दिवस घरी राहू, मग परभणीला एक चांगलं लॉज बघून ठेवलंय, तिथून येत-जात राहू.

"लॉज कामून?" कुसुमबाईंनी विचारलं. "घराचं छप्पर उडालंय का?"

"तसं न्हाई माय. जेवनाची अडचन हाय. आपलं तिखट सोसत न्हाई."

पुढे तो आणखी काही सांगणार होता, पण तेवढ्यात रेंज गेली. कुसुमबाई फोन हातात धरून ओट्यावर बसून राहिल्या. सून पहिल्यांदा यायची आणि तिसऱ्या दिवशी पेटी उचलून लॉजवर जायची. गल्ली काय म्हणेल ते म्हणो, त्यांचं दुखणं वेगळं होतं. पोरगा बारा वर्षांपासून बाहेर. घरी आला तरी पाहुण्यासारखा पेटीतूनच कपडे काढायचा. आता सुनेचंही मन इथं लागलं नाही, तर उद्याची नातवंडं आजीला मोबाइलच्या काचेतच बघणार. कुसुमबाईंनी तिथल्या तिथं ठरवलं, की सुनेच्या पुढ्यात पहिलं ताट वाढायचं ते तिच्या आईच्या हातचं वाटलं पाहिजे. मग बघू कोण लॉजवर जातं.

हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. जमलं तर सगळ्यांना दिसेलच, आणि फसलं तर हसायला कोणी नको.

रोवेनाच्या आईचा नंबर लग्नाच्या वेळचा त्यांच्याकडे होता. कुसुमबाईंनी एका दुपारी सरळ विहीणबाईंना व्हिडिओ लावला. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, तरी बोलणं तासभर चाललं. कुसुमबाईंनी हाताने घास दाखवला, मग रोवेनाचा फोटो दाखवला आणि भुवया उडवल्या. विहीणबाईंना लगेच उमगलं. "अडोबो," त्या म्हणाल्या आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या.

कुसुमबाई पन्नाशी ओलांडल्यावर साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकलेल्या. त्यांनी वही काढली आणि बघितलं तसं उतरवलं. कोंबडीचे तुकडे. लसूण, मूठभर. काळे मिरे. तेजपान. काळ्या पाण्याची बाटली, म्हणजे चायनीजच्या गाड्यावर असते ती, सोया सॉस. आणि सिरका, म्हणजे व्हिनेगर. हे सगळं एका भांड्यात घालून मंद आचेवर ठेवायचं. कांदा नाही. हळद नाही. विहीणबाईंनी एक लाल मिरची उचलून कॅमेऱ्यापुढे नाचवली तेव्हा कुसुमबाईंनी घाईघाईने दोन्ही हात हलवले, की छे छे, मिरची नाही घालत, काळजी करू नका. विहीणबाईंचं तोंड जरा उतरल्यासारखं झालं, पण त्यांनी मिरची खाली ठेवली.

मग दोन गोष्टी त्यांनी फार बजावून दाखवल्या. एक, भांडं आचेवर गेलं की पळी पाठीमागे लपवायची. ढवळायचं नाही. सिरक्याचा कच्चा वास जाईस्तोवर हात लावायचा नाही. दुसरी, सिरका दुकानातल्या पांढऱ्या बाटलीचा नको. त्या बाटलीकडे बघून त्यांनी असं तोंड केलं, की कुसुमबाईंना ते आयुष्यभर विसरता आलं नसतं. त्यांनी परसात नेऊन उसाची कांडी दाखवली, तोंडाला फडकं बांधलेलं मडकं दाखवलं, आणि दोन्ही हातांची बोटं चार वेळा उघडली. चाळीस दिवस.

उसाचं नाव निघालं आणि कुसुमबाईंना हसू आलं. गंगाखेड भागात काय वाटेल ते कमी पडेल, ऊस कमी पडायचा नाही. हंगाम सुरूच होता. चौदा नोव्हेंबरला दत्तरावांनी रसवंतीवरून पंधरा लिटर रस आणला. कुसुमबाईंनी तो नव्या मडक्यात ओतला, वर धुतलेलं धोतराचं फडकं बांधलं आणि मडकं परसातल्या पत्र्याच्या खोपटात, शेजारच्या कुडाला लागून ठेवलं. किती रस आहे ते काडीने मोजून काडीवर खूण केली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. कुसुमबाई गावच्या दारूबंदी महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या.

आणि नुसत्या नावाच्या नव्हे. दत्तराव साखर कारखान्यात कामाला होते तेव्हा पगारापेक्षा जास्त पीत. कुसुमबाईंनी बारा वर्षांपूर्वी त्यांना विहारात नेऊन पंचशिलातलं पाचवं, नशा न करण्याचं शील सगळ्यांसमोर पुन्हा म्हणायला लावलं. तेव्हापासून दत्तरावांनी थेंब घेतला नव्हता. त्यानंतर कुसुमबाईंनी मंडळ काढलं. नियम त्यांनीच केले आणि आपल्या वाकड्या अक्षरात वहीत लिहिले. ज्या घरी माल सापडेल त्या घरच्या बाईने मडकं स्वतः मुसळाने फोडायचं. ज्याच्या घरी माल सापडला त्याची साक्ष धरायची नाही. मंडळाचं मुसळ अध्यक्षांच्या घरी राहील. दहा-बारा हातभट्ट्या या मुसळाने फुटल्या होत्या, आणि एकशे चौदा माणसांनी दारू सोडल्याची नोंद वहीत होती, सही-अंगठ्यासकट.

आता उसाचा रस सिरका होण्याआधी काय होतो, हे विहीणबाईंनी दाखवलं नव्हतं. त्यांच्या गावी ते शेंबड्या पोरालाही ठाऊक. कुसुमबाईंना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. त्यांनी दारू नवऱ्याच्या तोंडात आणि फुटलेल्या मडक्यात बघितलेली, होताना कधी नाही.

सहाव्या दिवशी दत्तराव परसात तोंड धुवायला गेले आणि तांब्या तसाच ठेवून परत आले. त्याच दिवशी त्यांनी आपली बाज मागच्या खोलीतून उचलून पुढच्या ओट्यावर टाकली.

"थंडीत बाहेर कामून झोपायलाव?" कुसुमबाईंनी विचारलं.

"मागं डास लय झालेत."

डिसेंबर तोंडावर आलेला, डास कुठले? पण कुसुमबाई तेव्हा मिरे निवडत होत्या. पुढे आठवडाभराने त्यांनी काडी बुडवून बघितली तर रस खुणेच्या चार बोटं खाली गेलेला. आटला असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण एवढ्या थंडीत चार बोटं? आणि फडक्यातून येणारा वास जुन्या दिवसांतला, दत्तरावांच्या अंगाला यायचा तसा होता. त्यांची नजर ओट्यावरच्या बाजेकडे गेली. दत्तराव वाकळ पांघरून शांत बसले होते. बारा वर्षांच्या भरवशाला प्रश्न विचारायची कुसुमबाईंची छाती होईना, आणि मडकं फेकून द्यावं तर सून डोळ्यांपुढे यायची. त्यांनी नुसतं फडकं आणखी एका गाठीने घट्ट बांधलं.

इकडे शेजारी चन्नबसम्मा होत्या. मंडळाच्या सचिव, कुसुमबाईंचा उजवा हात. नवरा वीरुपाक्ष किराणा दुकान चालवायचा. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, घरात कांदासुद्धा बेताने, आणि साऱ्या गल्लीत अप्पा म्हणून मान. चन्नबसम्मांच्या नाकाला कुडापलीकडून वास आला. आधी त्यांनी दुर्लक्ष केलं. मग ओट्यावर थंडीत कुडकुडत पडलेले दत्तराव दिसले. नवरा घराबाहेर झोपतो तेव्हा बाई काहीतरी सोसत असते, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

त्यात रेणुकाने भर घातली. रेणुका मंडळाची सभासद, गंगाखेडहून एस.टी.ने येत होती. शेजारच्या सीटवर कुसुमबाई, मांडीवर पिशवी, पिशवीतून डोकावणारी काळ्या पाण्याची बाटली. रेणुकाने सहज विचारलं, हे काय घेतलं. कुसुमबाईंना खरं सांगायचं नव्हतं, आणि खोटं बोलायची सवय नव्हती.

"औषिद हाय. खोकल्याचं."

"येवढं?"

"खोकला लय हाय," कुसुमबाई म्हणाल्या आणि राणीसावरगाव येईस्तोवर खिडकीबाहेर बघत बसल्या.

अध्यक्षांशिवाय मंडळाची पहिलीच बैठक झाली ती या बाटलीमुळे. चन्नबसम्मांच्या ओसरीत बायका दाटीवाटीने बसल्या. वास, बाज, बाटली, तिन्ही गोष्टींचा मेळ घालायला फार वेळ लागला नाही. दत्तराव पुन्हा लागले, आणि बाहेर नवऱ्याची बदनामी नको म्हणून बाई घरातच काढून देतात. रेणुकाला राग आला होता. चन्नबसम्मांना मात्र रडू येत होतं. त्या म्हणाल्या, की नियम बाईनंच केलाय, तो बाईलाच लागू न करावा तर उद्या कोणाचं मडकं कोणत्या तोंडानं फोडायचं? वीरुपाक्षअप्पा चहाचे कप घेऊन आले होते. त्यांनी दारातच थांबून सगळं ऐकलं आणि कप न देताच आत निघून गेले.

चोवीस डिसेंबरला रविवार होता. चाळीस दिवस भरले होते. कुसुमबाईंनी पहाटेच फडकं सोडलं. नाकाला झोंबणारा आंबट, स्वच्छ वास आला. त्यांनी गावरान कोंबडीचे तुकडे सिरक्यात, काळ्या पाण्यात, लसूण-मिऱ्यांत मुरवले आणि अकराच्या सुमारास भगुनं चुलीवर चढवलं. घरातली मिरची, ठेचा, येसर, काळा मसाला, सगळं एका डब्यात घालून डबा माळ्यावर टाकला होता, की सुनेच्या नाकाला तिखटाचा वारासुद्धा लागू नये.

आता फक्त ढवळायचं नव्हतं, आणि तेच अवघड होतं. पंचेचाळीस वर्षं ज्या हाताने पळी फिरवली तो हात आपोआप उठायचा. दोनदा त्यांनी झाकण उचललं, दोनदा विहीणबाईंचं तोंड आठवलं. शेवटी पळी पाटाखाली ठेवून त्या पाटावर बसल्या.

तेवढ्यात चन्नबसम्मा दारात आल्या.

"बाई, मुसळ द्या."

कुसुमबाई ताडकन उठल्या. "कुटं सापडलं, अक्का?"

"हाय गावातच. तुमी निस्तं मुसळ द्या."

"मी बी येते की. दोनच मिनिटं थांबा."

"तुमी येऊ नका," चन्नबसम्मा म्हणाल्या. "तुमाला यायची गरजच न्हाई, बाई. आमीच येतो."

हे काय बोलणं, ते कुसुमबाईंना कळलं नाही. त्यांनी कोपऱ्यातलं मुसळ दिलं. चन्नबसम्मा फाटकाबाहेर गेल्या, तिथं थांबलेल्या तीस-पस्तीस बायकांना त्यांनी मान हलवून खूण केली, आणि सगळ्याजणी वळून त्याच फाटकातून आत आल्या.

नेमकी त्याच वेळी परभणीहून आलेली जीप दारात थांबली. सिद्धोधन उतरला, मागून रोवेना. बुटकी, गोल चेहऱ्याची, ओढणी दोन्ही खांद्यांवर नीट घेतलेली. अंगणभर बायका बघून सिद्धोधन हरखला. एवढं स्वागत कशाला केलं, माय, म्हणाला. रोवेनाने महिनाभर घोकलेला शब्द हात जोडून मोठ्याने म्हटला. "जयभीम." समोर चन्नबसम्मा होत्या. त्यांनी गोंधळून मुसळ काखेत धरलं, हात जोडले आणि म्हणाल्या, "जयभीम, जयभीम."

बायका परसात गेल्या. त्यांच्यामागे बघ्या पुरुषांची रांग कुडाला लागून उभी राहिली. खोपटातलं मडकं बाहेर आलं. कुसुमबाईंना तेव्हा कुठं उलगडा झाला, की आज आपल्याच घरी छापा आहे.

"सिरका हाय त्यो," त्या म्हणाल्या.

"सिरका मंजे?" रेणुकाने विचारलं.

"आंबट असतं. लोणच्यात घालतेत."

"मग लोणचं कुटं हाय?"

लोणचं नव्हतं, आणि सुनेच्या ताटाची गोष्ट आधीच फोडायची नव्हती. कुसुमबाई म्हणाल्या, की पेला आणा, मी पिऊन दाखवते. रेणुकाने वही उघडून त्यांच्याच अक्षरातला नियम त्यांना वाचून दाखवला. ज्याच्या घरी माल सापडला त्याची साक्ष धरायची नाही. कुसुमबाईंना लिहायला शिकल्याचा आयुष्यात पहिल्यांदा पश्चात्ताप झाला.

मग चाखणार कोण? मंडळातल्या एकाही बाईने दारू चाखलेली नव्हती, त्यांना फरक कळायचा नाही. फरक कळणारे सगळे कुडाला लागून उभे होते. पण एकशे चौदाच्या एकशे चौदा जण पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागले. सोडली ते ठीक. पण चव ओळखतो म्हणावं, तर बायको विचारणार, कधीची चव ओळखता?

"मला कळतं," असा आवाज आला. दत्तराव पुढे आले होते. "पेला आना. मी सांगतो."

घरच्याची साक्ष चालत नाही, हे त्या क्षणी कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. कुसुमबाईंना काडीवरची खूण आठवली. खुणेखालची चार बोटं आठवली. हा माणूस पेला तोंडाला लावील आणि मग? सिरका निघाला तर सुटलो. पण त्यात जुन्या गोष्टीचा एवढासा अंश राहिला असला, तर बारा वर्षं एका घोटात जातील. त्यांनी मडक्याच्या तोंडावर हात आडवा धरला.

"तुमी न्हाई."

"कुसुम, तुजी सून आलीया. जेवान व्हायचंय."

"काई बी व्हऊ द्या. तुमी चाखायचं न्हाई." त्या चन्नबसम्मांकडे वळल्या. "आना त्ये मुसळ. घरची बाई मीच हाव."

त्यांनी पदर खोचला. सुनेसमोर शोभा झाली म्हणून पोर लॉजवर जाईल तर जाऊ दे, असं मनाशी म्हणत त्यांनी मुसळ खांद्याच्या वर नेलं.

"थांबा."

कुडापलीकडून वीरुपाक्षअप्पा आले. दुकानातून तसेच उठून आलेले, खांद्यावर उपरणं, हाताला साखरेचे कण. त्यांनी मडक्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि डोळे गच्च मिटले.

"सिरका हाय. फोडू नका."

"तुमाला कसं ठाऊक?" चन्नबसम्मांनी विचारलं.

"आता चाखला की."

"सिरका चाखला. पन दारू न्हाई हे कसं ठाऊक?"

अप्पा हाताचे साखरेचे कण उपरण्याला पुसू लागले. मग खाली बघत म्हणाले, "आता पिववत न्हाई त्ये."

"मग कवा पिववत व्हतं?"

"म्हैना झाला असंल. चार-पाच दिवस लय झकास व्हतं," अप्पा म्हणाले. एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबता येईना. "मग बिगडत गेलं. मी मनलं दत्तरावानं सोताला ठिवलं असंल, गवगवा कशाला करावं. कुडावरून हात पुरत व्हता. रोज निस्ता चहाचा पेला, त्याच्या वर न्हाई."

चार बोटांचा हिशोब लागला. कुसुमबाईंनी मुसळ हळूच खाली टेकवलं. त्यांना हसावं की अप्पांच्या पाया पडावं ते कळेना. कुडाला लागून उभ्या असलेल्या पुरुषांपैकी एकाला ठसका लागला, आणि त्याच्या बायकोने त्याच्याकडे असं बघितलं की तो जागीच बरा झाला.

चन्नबसम्मांनी कुसुमबाईंच्या हातातलं मुसळ घेतलं. रागावल्या नव्हत्या, नुसत्या विचारात पडल्या होत्या.

"नियमापरमानं मडकं घरच्या बाईनं फोडायचं," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी मडकं न्हाई, निस्तं मानूस हाय. त्याचं काय करायचं, अध्यक्षीनबाई?"

"न्या घरी, अक्का. वहीत एकशे पंधरावं नाव लिवू."

अप्पा पुढे, मुसळ घेतलेल्या चन्नबसम्मा मागे, अशी दोघं फाटकाबाहेर पडली. बायकाही एकेक करून पांगल्या. आपापल्या नवऱ्याला शोधत गेल्या, एवढं मात्र खरं.

परसात नवरा-बायको दोघंच उरली तेव्हा कुसुमबाईंनी विचारलं, "तुमाला वास आला न्हाई का?"

"सहाव्या दिवशीच."

"मग बोलला कामून न्हाई?"

"बोललो असतो तर तू त्याच दिवशी फोडलं असतंस," दत्तराव म्हणाले. "तू सांगितलं न्हाईस, तरी सुनेसाठी येवढ्या हौसेनं ठिवलेलं दिसत व्हतं. मनलं, आपुनच जरा लांब झोपावं."

कुसुमबाई त्या बाजेकडे बघत राहिल्या. महिनाभर थंडीत तो माणूस वाकळीत गुरफटून मडक्याची आणि स्वतःची, दोघांची राखण करत होता, आणि त्या फडक्याला गाठी मारत बसल्या होत्या. त्या काही बोलणार एवढ्यात त्यांना भगुनं आठवलं.

चुलीवर जाऊन तासाच्या वर झालं होतं. कोणी ढवळलं नव्हतं. ढवळायला कोणाला सवडच नव्हती. जळालं असेल म्हणून त्या धावत आत गेल्या, आणि उंबऱ्यात थबकल्या.

रोवेना चुलीपुढे उकिडवी बसली होती. आल्यापासून तिच्याकडे कोणी बघितलं नव्हतं. बाहेर कशाची गडबड आहे ते तिला कळलं नव्हतं, पण आतून आलेला वास मात्र कळला होता. तिने जाळ स्वतःच ओढून कमी केला होता. हातात भगुन्याचं झाकण उताणं धरलं होतं, झाकणात दोन तुकडे, आणि ती बोटांनी खात होती. काळा-तांबूस रस हाडाला चिकटून चकाकत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते धुराचं नव्हतं, कारण धूर दुसऱ्या बाजूला जात होता.

सासूला बघून ती उठली नाही. सरकून बसली, शेजारी जागा केली आणि झाकण पुढे धरलं. कुसुमबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला. आंबट, खारट, लसणाचा, मिऱ्यांचा. आजाऱ्याच्या जेवणासारखं लागेल असं त्यांना वाटलं होतं. तसं लागलं नाही. कोणाच्या तरी घरचं लागलं.

मग रोवेना काहीतरी शोधू लागली. फडताळ बघितलं, मिसळणाचा डबा उघडला. सिद्धोधन दारात आला होता. तिने त्याला विचारलं आणि तो ओशाळून हसला.

"माय, ती मिरची मागायलीय. ठेचा असला तर दे मनती."

"तिला सोसत न्हाई ना?"

"तिच्या गावात आपल्याहून तिखट खातेत. त्या दिवशी फोनवर सांगायलो व्हतो, रेंज गेली. दोन सालांपासून माज्याच पोटात अल्सर हाय. लॉज माज्यासाठी बगितलं व्हतं."

कुसुमबाईंना मिरची नाचवणाऱ्या विहीणबाई आठवल्या आणि त्यांचं उतरलेलं तोंड आठवलं. त्यांनी माळ्यावरचा डबा काढला. सासू आणि सून ठेच्याबरोबर जेवल्या. अल्सरवाल्या पोराला बिनमिरचीचं आंबट सोसेना म्हणून दूधभात मिळाला. परभणीच्या लॉजला त्याच संध्याकाळी फोन गेला. रोवेना पंधरा दिवस पुरती राहिली, आणि जाताना तिने पेटीत येसराची पुडी भरली.

त्यानंतर उसाच्या हंगामात कुसुमबाईंच्या परसात मडक्यामागून मडकं बसू लागलं. मंडळाने तसा ठराव केला, अट एकच. मडकं दारूचं कधी होतं आणि सिरक्याचं कधी, ते न चाखता नुसत्या वासावर सांगणारं माणूस लागेल. गावात तसं माणूस एकच होतं. दत्तराव रोज सकाळी ओट्यावर बसून परसाकडे तोंड करायचे, एक लांब श्वास घ्यायचे आणि सांगायचे, अजून नाही, अजून नाही. ज्या दिवशी ते म्हणत, झालं, त्या दिवशी चन्नबसम्मा लोणच्यासाठी बरणी घेऊन यायच्या. अप्पांना बरोबर आणायच्या नाहीत.

दुसऱ्या सालचं मडकं जरा उशिरा बसलं. फेब्रुवारीत दत्तरावांनी बाजेवर पडल्या पडल्या वास घेतला आणि अजून आठ दिवस लागतील म्हणाले. आठ दिवस झाले तेव्हा कुसुमबाईंनी स्वतःच फडकं सोडलं. सिरका बरोबर झाला होता. रोवेनाला तेव्हा सहावा महिना होता. बाळंतपणाला ती राणीसावरगावलाच आली. मुलगी झाली.

दत्तराव त्या आठ दिवसांतच, तेरा फेब्रुवारी दोन हजार पंचवीसला, गुरुवारी सकाळी, ओट्यावरच्या बाजेवर वारले.